काबुकी बघायला जाताय? आधी तिकीट काढू नका

मी तोक्योत निशी-कासाइला राहतो, म्हणजे जिथे निम्मी आयटीवाली भारतीय जनता राहते तिथेच, आणि दर एप्रिलला साकुरा म्हणजे चेरीचा बहर बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणतंच की अरे आता आलोच आहोत तर ते काबुकी पण बघून टाकू. काबुकी म्हणजे जपानचं जुनं पारंपरिक नाटक, आणि ते "बघून टाकू" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण पुढे काय होणार ते ठरलेलं असतं. हॉटेलवर बसून मिळेल त्या दिवसाचं मिळेल ते तिकीट काढतात, चार तास कळत नसलेलं बघतात, दुसऱ्या अंकात मान टाकतात आणि परत जाऊन सांगतात की कपडे भारी होते पण फार स्लो आहे बुवा.

स्लो नसतं. क्रम चुकलेला असतो. आधी तारीख, मग तिकीट, मग सीट, आणि कथा वाचलीच तर मेट्रोत उभ्या उभ्या, असा आपला हिशोब असतो, तो बरोबर उलटा करायचा आहे. आधी नाटक निवडा, मग त्याची वेळ बघा, मग सीट ठरवा आणि सगळ्यात शेवटी पैसे भरा. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

टप्पा १ : कुठे जायचं ते नक्की करा

पहिली चूक नावातच होते. शिंजुकूला काबुकिचो नावाचा भाग आहे, तिथे बार आहेत, सिनेमागृहं आहेत, रात्री दोनला ग्राहकाला हाका मारणारे लोक आहेत, काबुकीचं नाट्यगृह मात्र नाही. युद्धानंतर तिथे एक बांधायचा विचार होता, तो बारगळला, नाव तेवढं राहिलं. माझ्या ओळखीतलं एक जोडपं अकराच्या शोसाठी पावणेअकराला तिथे उभं राहून मला फोन करत होतं.

तुम्हाला जायचंय काबुकीझाला. हे गिन्झात आहे, स्टेशन हिगाशी-गिन्झा, हिबिया आणि असाकुसा अशा दोन लाइन तिथे येतात. तीन नंबरच्या एक्झिटकडे गेलात की जमिनीखालूनच थेट नाट्यगृहाच्या तळघरात निघता, पावसात छत्रीही लागत नाही. असाकुसा लाइनवरून हानेदा आणि नारिता दोन्ही विमानतळांच्या थेट गाड्या आहेत. सध्याची इमारत २०१३ची आहे, आणि इथे जवळजवळ प्रत्येक महिन्यात काबुकी असतं, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने डोकं न चालवता इथेच जावं.

क्योतोत शिजो पुलाजवळ मिनामिझा आहे, तिथला डिसेंबरचा काओमिसे हा प्रयोगमहिना नावाजलेला, पण तिथे वर्षभर काबुकी चालू नसतं. आणि क्योतोच्या गिऑनमध्ये वसंतात गेइको-माइकोंचे, म्हणजे तिथल्या गेशा आणि शिकाऊ गेशांचे, जे नाच होतात ते काबुकी नाही, ते वेगळंच प्रकरण आहे, छान आहे पण वेगळं. शिकोकूत कोतोहिरा गावी कानामारुझा म्हणून १८३५चं लाकडी नाट्यगृह आहे, वसंतात काही दिवस तिथे प्रयोग होतात, जमिनीवर मांडी घालून बसायचं, ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. तोक्योतलं राष्ट्रीय नाट्यगृह २०२३च्या ऑक्टोबरअखेर पुनर्बांधणीसाठी बंद झालं, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनात वाचून त्याच्या हान्झोमोन स्टेशनला जाऊ नका.

> चेक : तुमच्या तारखा कुठल्या आहेत? काबुकीझाचा प्रयोग साधारण महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत सुरू होतो आणि पंचवीस-सव्वीस तारखेच्या आसपास संपतो, मध्ये एक-दोन सुट्टीचे दिवसही असतात. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत तोक्योत असाल तर बहुतेक वेळा काहीच मिळणार नाही. विमानाचं तिकीट काढायच्या आधीच हे बघितलेलं बरं.

टप्पा २ : नाटक निवडा, तारीख नाही

आपल्याकडे नाटकाला जायचं म्हणजे एक नाटक, दोन-तीन अंक, एक गोष्ट. इथे तसं नाही आणि बहुतेकांची गडबड इथेच होते. काबुकीझाचा दिवस साधारणपणे दोन भागात असतो, एक सकाळी अकराचा आणि एक संध्याकाळी साडेचारच्या आसपासचा, आणि त्या प्रत्येक भागात दोन-तीन वेगवेगळे तुकडे असतात, एकमेकांशी काही संबंध नसलेले. एखाद्या मोठ्या नाटकातला एकच प्रसिद्ध अंक, मग एक नाच, मग एखादं हलकंफुलकं. म्हणजे मैफिलीसारखं समजा, आधी ख्याल मग ठुमरी मग भजन. काही महिन्यांत मात्र एकच मोठं नाटक सलग करतात, आणि काही वेळा तीन भागसुद्धा असतात, त्यामुळे त्या महिन्याचं वेळापत्रक इंग्रजी साइटवर उघडून बघायचंच.

प्रकार ढोबळमानाने तीन. जिदाइमोनो म्हणजे सरदार-सामुराईंची ऐतिहासिक नाटकं, सेवामोनो म्हणजे शहरातल्या साध्या लोकांच्या-व्यापाऱ्यांच्या, चोर-गणिकांच्या गोष्टी, आणि शोसागोतो म्हणजे नृत्यप्रधान तुकडे. पहिल्यांदा जाताय तर नाच किंवा अर्धा नाच असलेलं काहीतरी घ्या. माझी यादी, यातलं जे त्या महिन्यात लागलेलं असेल ते :

रेन्जिशी. बाप सिंह पोराला कड्यावरून ढकलतो, ते वर चढून येतं का बघायला. शेवटी दोघं लांबच लांब केसांचे टोप घालून, बापाचा पांढरा आणि पोराचा लाल, ते केस गरागरा फिरवतात. भाषा शून्य कळली तरी चालतं. लहान मुलं सोबत असतील तर हेच.

फुजी मुसुमे. एकच कलाकार, अनेक वेळा कपडे बदलतो, मागे जांभळ्या फुलांचे घोस. सुरुवात मिट्ट काळोखात होते आणि मग एका क्षणात सगळे दिवे लागतात. उशिरा पोचलात तर नेमकं हेच हुकतं.

कान्जिन्चो. हे मला सगळ्यात आवडतं, याच्याबद्दल खाली सविस्तर आहेच.

बेन्तेन कोझो. सुंदर मुलगी कापडाच्या दुकानात येते, चोरीचा आळ येतो, आणि मग ती मुलगी नसून चोरच असल्याचं उघड होतं, खांद्यावरचं गोंदण दाखवत मोठं भाषण ठोकते, म्हणजे ठोकतो. मजेदार आहे पण संवाद भरपूर, सबटायटलशिवाय बसू नका.

पहिल्या खेपेला टाळा ते म्हणजे मोठ्या जिदाइमोनोचा मधलाच अंक, उदाहरणार्थ तेराकोया. जबरदस्त आहे, आजूबाजूच्या बायका रुमाल काढून रडत असतात, पण मागची अख्खी कथा माहीत नसेल तर एक मास्तर, काही पोरं आणि एक लाकडी पेटी एवढंच दिसतं आणि तासाभराने तुम्ही घड्याळ बघायला लागता. पेटीत काय आहे ते माहीत असणाऱ्याला घड्याळ आठवत नाही.

> सावधान : काही महिन्यांत एकाच नाटकाचे ए आणि बी असे दोन संच असतात, तारखेप्रमाणे कलाकार बदलतात. विशिष्ट कलाकारासाठी जात असाल तर तारखेसमोरचं ते अक्षर बघा.

टप्पा ३ : पूर्ण भाग की एकच अंक

पूर्ण भाग म्हणजे मध्यंतरं धरून चार तासांच्या आसपास, कधी जास्त. तुम्ही जपानला सात दिवस आलात, त्यातला अर्धा दिवस यात जाणार. हौस असेल तर जरूर. पण ज्याला नक्की माहीत नाही त्याच्यासाठी हितोमाकुमी म्हणजे एका अंकाचं तिकीट आहे, चौथ्या मजल्यावर, अंकाच्या लांबीप्रमाणे साधारण १००० ते २००० येनच्या दरम्यान. पूर्ण भागाला तिसऱ्या मजल्यावर साधारण पाच-सहा हजारांपासून सुरुवात, खाली पहिल्या वर्गाला अठरा-वीस हजारांच्या घरात.

एका अंकाच्या तिकिटाचे नियम जुन्या ब्लॉगवर चुकीचे सापडतात, कारण पूर्वी सगळीच त्याच दिवशी रांगेत उभं राहून मिळायची. २०२३च्या जूनमध्ये ही सोय परत सुरू झाली तेव्हापासून बहुतेक जागा नंबर असलेल्या आहेत आणि त्या आदल्या दिवशी दुपारी बारापासून ऑनलाइन विकतात. थोड्या बिननंबरी जागा त्या दिवशी तिथे जाऊन मिळतात, त्यासाठी रोख येन खिशात ठेवा.

तोटेही सांगतो. चौथ्या मजल्याचं दार वेगळं आहे, बाहेरून बघितलं तर मुख्य दाराच्या डावीकडे, आणि त्या तिकिटावर खालच्या मजल्यांवर फिरता येत नाही, म्हणजे आतली दुकानं वगैरे विसरा. रंगमंच लांब, दुर्बीण हवीच. हानामिची, म्हणजे प्रेक्षकांमधून जाणारी पात्रांची वाट, अर्धीच दिसते. तरीपण पहिल्यांदा जाणाऱ्या दहातल्या सात जणांना मी हेच सांगतो, कारण दीड हजारात तासभर बघून आवडलं नाही तर गिन्झात कॉफी प्यायला मोकळे, आणि आवडलं तर पुढच्या अंकाचं तिकीट शिल्लक असेल तर काढायचं.

आई-वडील सोबत असतील तर मात्र वेगळा सल्ला. चौथ्या मजल्यावरच्या पायऱ्या तीव्र उताराच्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना नको. त्यांना खालचं नीट सीट काढून द्या, वर्षातून एकदा येतात.

टप्पा ४ : सीट ठरवताना मजले आणि बाजू

जपानमध्ये पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. इथे तिसरा मजला म्हणजे आपला दुसरा. हे लिहायला बावळटपणाचं वाटतं पण "पहिल्या मजल्याची बाल्कनी घेतली, समोरून छान दिसेल" म्हणून वीस हजार भरलेले आणि मग तळाला चौदाव्या रांगेत बसलेले लोक मी पाहिलेत. अर्थात त्यांचं नशीब बरं, ती जागा उत्तम असते.

आता बाजू. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, रंगमंचापासून मागच्या भिंतीपर्यंत लोकांच्या मधून एक लांब लाकडी वाट जाते ती हानामिची. महत्त्वाच्या पात्रांचं येणं-जाणं, अर्धी गंमत, इथे होते. वाटेवर रंगमंचाजवळ एक ठरलेली जागा आहे, शिचिसान म्हणजे सात-तीन, तिथे पात्र थांबतं, वळतं, आविर्भाव करतं. तिथेच जमिनीत एक चौकोनी लिफ्ट आहे, सुप्पोन, त्यातून वर येणारं पात्र बहुतेक भूत, जादूगार किंवा माणसाच्या रूपातला प्राणी असतो. कोण कुठून आलं यावरूनच तो माणूस आहे की नाही ते कळतं.

म्हणून वरच्या मजल्यांवर डाव्या बाजूची सीट्स घ्यायची नाहीत. हानामिची बरोबर तुमच्या खाली येते आणि कठड्यामुळे काहीच दिसत नाही. मी पहिल्यांदा स्वस्त दिसली म्हणून हीच घेतली होती. सगळा हॉल मान वळवून खाली डावीकडे बघतोय, टाळ्या पडतायत, आणि मी समोरच्या रिकाम्या रंगमंचाकडे बघत बसलोय, असं मिनिटभर तरी चाललं असेल. वरच्या मजल्यावर मध्य किंवा उजवी बाजू घ्या. खाली बसणार असाल तर हानामिचीच्या जरा उजवीकडे सात-आठ रांगा सोडून बसलात तर पायातल्या मोज्यांची शिवण दिसते. अगदी पुढची पहिली रांग नको, मान दुखते आणि रंगमंच साधारण २७ मीटर रुंद असल्याने टेनिसची मॅच बघितल्यासारखं डोकं फिरवावं लागतं.

खालच्या मजल्यावर दोन्ही कडेला साजिकी म्हणून खोल्यांसारख्या बैठका आहेत, बूट काढून बसायचं, पाय खाली सोडायला खड्डा, समोर छोटं टेबल. सगळ्यात महाग. भोकं पडलेले मोजे घालून जाऊ नका एवढंच सांगतो.

टप्पा ५ : तिकीट काढा, आणि घड्याळ जपानचं

पूर्ण भागाची तिकिटं आदल्या महिन्याच्या मध्याला, साधारण बारा ते चौदा तारखेच्या आसपास, सकाळी दहाला ऑनलाइन सुरू होतात. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. म्हणजे पुण्यात बसून काढणार असाल तर सकाळी साडेसहाला उठा. एका अंकाचं आदल्या दिवशी दुपारी बाराला, म्हणजे भारतात असाल तर साडेआठ, पण तेव्हा तुम्ही बहुधा तोक्योत कुठल्यातरी देवळात फोटो काढत असाल, त्यामुळे फोनला गजर लावा. चांगला कलाकार आणि शनिवार-रविवार असेल तर जागा भराभर जातात.

अधिकृत इंग्रजी साइट निर्माती कंपनी शोचिकूची आहे, तिथूनच काढा. दुसरीकडे "व्हीआयपी अनुभव" म्हणून दुप्पट-तिप्पट दराने विकणारे आहेत, त्यात एक गाइड आणि एक हिरवा चहा जास्त मिळतो.

> चेक : पैसे भरण्याआधी चार गोष्टी मोठ्याने वाचा. तारीख, सकाळचा भाग की संध्याकाळचा, मजला, बाजू. तिकीट बदलून मिळत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. ज्या क्रेडिट कार्डाने पैसे भरले ते कार्ड आणि बुकिंग नंबर सोबत जपानला न्या, छापील तिकीट मशिनमधून काढायची वेळ आली तर तेच लागतं. बाबांच्या कार्डावर काढलं आणि बाबा नाशिकला, असं करू नका.

टप्पा ६ : कथा वाचा, आदल्या रात्री

काबुकीत शेवट लपवलेला नसतो. सगळ्या हॉलला शेवट माहीत असतो, आपल्याला जसं कीर्तनात बुवा काय सांगणार ते माहीत असतं आणि तरी आपण बसतो तसंच. म्हणून शेवट आधी कळला तर मजा जाईल ही भीती सोडा, उलट न कळता बसलात तरच मजा जाते.

किती वाचायचं? पात्रं तीन-चार, त्यांचं नातं, कोण कोणापासून काय लपवतंय, आणि शेवट. बास. कान्जिन्चोचं उदाहरण घेऊ, १८४०चं हे नाटक, आजही सतत होतं. योशित्सुने नावाचा शूर सरदार, त्याचा सावत्र मोठा भाऊ योरितोमो त्याच्या जिवावर उठलाय. योशित्सुने पळतोय, हमालाच्या वेषात. सोबत त्याचा बलदंड सेवक बेन्केइ आणि चार जण, सगळे डोंगरी बैराग्यांच्या वेषात, देवळासाठी वर्गणी गोळा करतोय असं सोंग. वाटेत आताकाचा नाका लागतो. नाक्यावरचा अधिकारी तोगाशी म्हणतो, वर्गणी मागताय ना, मग ते आवाहनपत्र वाचून दाखवा. बेन्केइकडे असलं काही पत्रच नाही. तो एक कोरी गुंडाळी उघडतो आणि धडाधड वाचायला लागतो. पुढे हमालाचा संशय येतो तेव्हा बेन्केइ स्वतःच्या धन्याला काठीने बडवतो, कारण कुठला सेवक धन्याला मारेल? तोगाशीला सगळं कळतं. आणि तो सोडून देतो, स्वतःचा जीव धोक्यात घालून.

आग्र्याहून सुटका ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे समजायला सबटायटल लागत नाही. पण हे आधी माहीत नसेल तर काय दिसतं? एक जाडजूड माणूस कागद धरून ओरडतोय, दुसरा हळूच सरकत डोकवायला बघतोय आणि पहिला झटकन गुंडाळी आपल्याकडे ओढतोय. तो क्षण, दोघं त्या कोऱ्या कागदाच्या दोन बाजूंना ताठ गोठलेले, यासाठी लोकांनी वीस हजार येन भरलेले असतात.

सबटायटलचं बघून ठेवा. इंग्रजी ओळी दाखवणारं हातातलं छोटं यंत्र भाड्याने मिळतं, भाडं तिकिटात धरलेलं नाही, आणि प्रत्येक महिन्याला प्रत्येक भागाला सोय असेलच असं नाही, साइटवर तपासा. कानात लावायचं समालोचनही असतं पण ते बहुधा जपानीत, देताना कोणी विचारत नाही तुम्हाला जपानी येतं का, तुम्हीच विचारायचं. स्टॉलवरची जाडजूड पुस्तिका पण मुख्यतः जपानीत असते, आठवण म्हणून घ्या, समजायला नाही.

टप्पा ७ : प्रत्यक्ष दिवस

शोच्या पाऊण तास आधी हिगाशी-गिन्झाला पोचा. पाऊण तास कशाला? तळघरात कोबिकिचो हिरोबा म्हणून बाजार आहे, तिथे डबा घ्यायचाय, मशिनमधून छापील तिकीट काढायचंय, यंत्र भाड्याने घ्यायचंय, टॉयलेटला जायचंय, आणि बायकांच्या टॉयलेटची रांग मध्यंतरात बघाल तर आधी जाऊन आल्याचं समाधान वाटेल.

कपड्यांचा काही नियम नाही. किमोनो घातलेल्या आज्या दिसतील, जीन्समधली पोरंही दिसतील. किमोनो भाड्याने घेऊन यायचा बेत असेल तर लक्षात ठेवा, त्यात चार तास बसायचंय, पाठीमागच्या गाठीमुळे खुर्चीला टेकता येत नाही. मोठी सूटकेस आणू नका, हॉटेलवरच ठेवा. एसी असतो, पातळ शाल सोबत असू दे.

जेवणाची गोष्ट जरा वेळ घेऊन सांगतो कारण आपल्या लोकांचं इथे अडतं. पूर्ण भागात एक मोठं मध्यंतर असतं, साधारण अर्ध्या तासाचं, आणि काबुकीझात आपल्या खुर्चीवर बसून डबा खाता येतो. दोन अंकांच्या मधे खायचा म्हणून माकुनोउची बेन्तो हे नावच पडलंय. पण शाकाहारी असाल तर त्या डब्यात भाताशिवाय फारसं काही उरत नाही, भाज्यासुद्धा माशाच्या पाण्यात शिजवलेल्या असतात, आणि इनारी म्हणून गोडसर पिशवीतला भात निर्धास्तपणे खाता त्यातही बहुतेक वेळा तेच. कडक पाळत असाल तर आपला डबा न्या. माझी आई येते तेव्हा थेपले आणि गोड लिंबाचं लोणचं, वास नाही, चुरा नाही. चिवडा नको, कुरकुर करतो, आणि लसणाची चटणी तर नकोच नको, तीन रांगा मागे वळून बघतात. खायचं ते फक्त मध्यंतरात, अंक चालू असताना पाण्याचा घोट सोडून काही नाही. तिसऱ्या मजल्यावर मासोळीच्या आकाराचा गरम तायाकी मिळतो, आत लाल-पांढरे मोचीचे म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, त्याला रांग लागते, मध्यंतर झाल्या झाल्या पळा.

> चेक, दिवे जायच्या आधी : फोन बंद, व्हायब्रेटवर नाही, बंद. स्मार्टवॉचचा उजेडही बंद. टोपी काढलेली. दुर्बीण गळ्यात. कितीला मध्यंतर आहे ते बाहेरच्या फलकावर बघून ठेवलेलं.

टप्पा ८ : बसल्यावर काय करायचं, काय नाही

खुर्चीत पुढे वाकू नका. वरच्या मजल्यांवर तुम्ही चार इंच पुढे झुकलात की मागच्या माणसाचा अख्खा रंगमंच जातो. परदेशी प्रेक्षकांना कर्मचारी येऊन सगळ्यात जास्त वेळा सांगतात ते हेच. पाठ खुर्चीला टेकलेली ठेवा.

लाकडाचे ठोकळे वाजायला लागतात, आधी सावकाश मग जलद, आणि काळा-तांबूस-हिरवा असा पट्ट्यांचा पडदा बाजूला सरकतो. ही इथली तिसरी घंटा.

मग हे ऐका : मागून डावीकडून, हानामिचीच्या टोकाला, धातूच्या कड्यांचा "चारिन्" असा आवाज. तिथला पडदा सरकला, कोणीतरी येतंय. सगळ्या माना वळतील, तुम्हीही वळवा.

पात्र मध्येच गोठतं, डोळे तिरळे करतं, आणि रंगमंचाच्या उजव्या टोकाला गुडघ्यावर बसलेला एक माणूस फळीवर लाकडं आपटतो, बट्टा-बट्टा. याला मिए म्हणतात. टाळ्या इथे वाजवायच्या, कलाकाराच्या पहिल्या प्रवेशाला आणि हानामिचीवरून जाताना वाजवायच्या. शेवटी सगळे हात धरून वाकतील याची वाट बघत बसू नका, ते बहुधा होतच नाही. पडदा पडला की संपलं.

वरून मागून कोणीतरी ओरडेल, "ओतोवाया!", "नारितायाऽ!" ही कलाकाराच्या घराण्याची नावं आहेत. हे ओरडणारे मुरलेले लोक आहेत, पाव सेकंदाचा हिशोब असतो, आणि तुम्ही वाह वा किंवा वन्स मोअर ओरडायचं नाही. मनातून कितीही आलं तरी.

पूर्ण काळ्या कपड्यातली, तोंड झाकलेली माणसं रंगमंचावर येऊन स्टूल ठेवतील, पंखा देतील. ती कुरोगो. काळं म्हणजे नाहीच असं समजायचं, पाच मिनिटांत खरोखर दिसेनाशी होतात. चेहऱ्यावर लाल पट्टे म्हणजे शूर, निळे म्हणजे खल, तपकिरी म्हणजे राक्षस-पिशाच्च. बायकांची कामं पुरुष करतात, ओन्नागाता, आणि याचं नवल बालगंधर्वांच्या आणि दशावताराच्या मुलखातल्या माणसाने फार करू नये. मान किती अंशात कलते तेवढं दुर्बिणीतून बघा.

झोप आली तर झोपा, घोरू नका. शेजारचे जपानी काकाही झोपलेले असतात, महत्त्वाच्या जागी बरोबर जागे होतात.

> सावधान, कान्जिन्चो बघणाऱ्यांसाठी : शेवटी पडदा लागतो. लोक उठतात, म्हणजे आपले लोक. बॅग उचलतात. उठू नका! बेन्केइ पडद्याच्या बाहेर हानामिचीवर एकटा उभा असतो. तो आधी वाकून नमस्कार करतो, मग एका पायावर उड्या घेत, हात हवेत फेकत अख्ख्या वाटेवरून धावत निघून जातो. माझ्या भावाने नेमक्या त्याच वेळी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. वर आला तेव्हा कड्यांचा आवाज झालेला होता आणि मागचा पडदा हलत होता.

टप्पा ९ : बाहेर पडताना

अंक संपला की सरळ उठून चालू लागता येतं, कोणी थांबवत नाही. पूर्ण भागाचं तिकीट असेल तर मात्र तो शेवट होता की मध्यंतर ते आधी बघा, दुसऱ्या अंकानंतर "संपलं" म्हणून बाहेर पडलेले आणि सगळ्यात चांगला नाच हुकवलेले दोन जण माझ्या स्वतःच्या कुटुंबात आहेत. फोटो प्रयोग चालू असताना अजिबात नाही. पडद्याचा हवाच असेल तर शो सुरू व्हायच्या आधी, तेही तिथल्या माणसाला विचारून.

सबटायटलचं यंत्र खिशात घालून गिन्झात फिरायला जाऊ नका, ते ज्या काउंटरवरून घेतलं तिथेच परत द्यायचं असतं, आणि चौथ्या मजल्यावरचं चौथ्या मजल्यावरच. वेळ असेल तर बाहेर येऊन शेजारच्या टॉवरच्या पाचव्या मजल्यावर गच्चीवरची बाग आहे, फुकट आहे, तिथून नाट्यगृहाची कौलं जवळून दिसतात. आणि निशी-कासाइला येणार असाल तर हिबिया लाइनने कायाबाचोला उतरून तोझाइ लाइन पकडा, जेवायला घरीच या, गोड लिंबाचं लोणचं अजून शिल्लक आहे.